आवाज कुठला, कारण कुठलं

‘पाइप वाजतोय, लवकर या’ असा निरोप गेला की प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊनच येतो. त्याला तरी काय म्हणणार? निरोपातून दुसरं काही कळलेलंच नसतं. पण पाइप कसा वाजतो, कधी वाजतो, कोणता नळ उघडल्यावर सुरू होतो आणि कोणता बंद केल्यावर थांबतो, एवढं आपल्याला सांगता आलं तर बरेचदा भिंतीला हातही लावावा लागत नाही. बाथरूमच्या टाइल्स फोडायच्या, कन्सील्ड, म्हणजे भिंतीत पुरलेली, लाइन उघडी करायची, शेजारी जाऊन आंघोळी उरकायच्या आणि शेवटी दोष निघायचा पाच-दहा रुपयांच्या वायसरमध्ये, असं मी ओळखीच्या घरांत होताना पाहिलं आहे. त्या घरातल्या माणसांचे हाल आणि खर्च बघून फार वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी कोथरूडमधल्या एका जुन्या, बिनलिफ्टच्या सोसायटीत राहते. तळमजला आणि वर तीन मजले, जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर टाक्या, पंप रात्री आणि पहाटे चालतो. कमिटीत पाण्याचं काम माझ्याकडे आलं आणि आमच्या प्लंबरकाकांशी रोजचं बोलणं सुरू झालं. काकांची पद्धत वेगळी आहे. आल्या आल्या ते पिशवी उघडत नाहीत. ‘ताई, जसं रोज वापरता तसं वापरा,’ म्हणतात आणि नुसते उभे राहतात. मग लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढून त्याचं टोक पाइपवर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. मी पहिल्यांदा तसं करून पाहिलं तेव्हा भिंतीआडचं पाणी अगदी डोक्यात वाहत असल्यासारखं ऐकू आलं. जिथे आवाज नुसता पोचतो तिथे तो घुमतो, जिथे तो जन्मतो तिथे तो टोकदार आणि कोरडा लागतो. एकेक हात पुढे सरकत गेलं की जागा सापडते. लोखंडी पाइपवर ही युक्ती छान चालते. प्लास्टिकच्या पाइपमधून आवाज नीट पुढे जात नाही, तिथे तळहात लावून थरथर शोधावी लागते.

सगळ्यात घाबरवणारा आवाज म्हणजे ठोका. नळ बंद केला आणि भिंतीत कुणीतरी हातोडा मारला, असा. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एका घरात नवं वॉशिंग मशीन आलं आणि त्याच आठवड्यापासून खालच्या घरातल्या आजोबांची दुपारची झोप उडाली. वरच्या घरात काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ‘आमचं मशीन आवाज करत नाही’ हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. आजोबांचं म्हणणंही तितकंच खरं होतं.

घडतं असं. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, आणि पाइपमध्ये ते सलग असतं. भरलेल्या बसने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढच्यांवर आदळतात, तसं वाहणाऱ्या पाण्याचं होतं. मशीनमधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह क्षणात मिटतो, पुढचं पाणी थांबतं, मागचं त्यावर आदळतं आणि दाबाची एक लाट पाइपभर उलटी धावत जाते. मॉस्को शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ च्या सुमारास प्रयोग करून या धक्क्याचं गणित मांडलं. पाण्याचा वेग अचानक जितका तुटला आणि लाट त्या नळातून जितक्या वेगाने धावते, त्या दोन्हींच्या गुणाकारावर धक्का ठरतो. लोखंडी नळात ही लाट सेकंदाला हजार-बाराशे मीटर धावते. म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारं पाणी एकदम अडवलं, तर दाब जवळजवळ बारा किलोने (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर बारा किलो) उसळू शकतो, आणि आमच्यासारख्या इमारतीत तळमजल्यालाही एरवी जेमतेम सव्वा किलो दाब असतो. हा उसळलेला दाब टिकतो डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी वेळ. पण गिझरचा जोड पाइप, फ्लशच्या टाकीची नळी, टेफ्लॉन टेप गुंडाळलेला एखादा जुना सांधा यांना तो रोज झेलावा लागतो. प्लास्टिकचा पाइप थोडा फुगतो, म्हणून त्यात ठोका निम्म्याहूनही कमी बसतो. आमच्या इमारतीत मुख्य लाइन अजून जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची आहे, तिथे तो पुरता बसतो.

याच धक्क्याचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे, हे मला काकांनी सांगितलं. त्यांच्या गावाकडे ओढ्यावर हायड्रॅम होता. ओढ्याचं पाणी उतारावरच्या पाइपमधून जोरात यायचं, झडप आपटून मिटायची आणि त्या उसळीने थोडं पाणी वरच्या वावरात चढायचं. वीज नाही, डिझेल नाही, रात्रंदिवस टक टक चालू. फ्रान्समध्ये मोंगोल्फिए यांनी १७९६ मध्ये बनवलेलं हे यंत्र. हवेच्या फुग्यात माणूस उडवणारे ते हेच.

घरातला ठोका घालवायला मात्र फार काही लागत नाही. पहिला उपाय फुकटचा आहे. मशीनच्या नळाचा अँगल कॉक पूर्ण न उघडता अर्धाच उघडा ठेवायचा. पाण्याचा वेग कमी झाला की ठोकाही कमी होतो. दुसरा उपाय क्लॅम्पचा. पाइप भिंतीला घट्ट धरलेला नसेल तर प्रत्येक धक्क्याला तो हलून भिंतीवर आपटतो, आणि आपल्याला ऐकू येणारा आवाज पुष्कळदा पाण्याचा नसून त्या आपटण्याचा असतो. अर्ध्या इंची प्लास्टिकच्या पाइपला दर तीन फुटांवर क्लॅम्प हवा, आणि क्लॅम्प व पाइप यांच्यामध्ये रबराचा पट्टा असेल तर उत्तम. एवढ्यानेही थांबलं नाही तर मशीनच्या नळाजवळ हवेची कुपी असलेला, धक्का झेलणारा छोटा अरेस्टर बसवता येतो. जुन्या काळी प्लंबर नळाच्या वर पाइपचा हातभर तुकडा उभा ठेवून त्याला बूच मारत. त्यात अडकलेली हवा धक्का गिळायची. काही वर्षांनी ती हवा पाण्यात विरघळून जाते आणि तुकडा पाण्याने भरतो, मग ठोके पुन्हा सुरू होतात. तेव्हा लाइन एकदा वरून बंद करायची, सगळ्यात खालचा नळ उघडून पूर्ण रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. आजोबांच्या घराचं काम अँगल कॉक आणि क्लॅम्प एवढ्यावर भागलं. क्लॅम्पचे पैसे वरच्या घराने दिले. मला त्याचं फार बरं वाटलं.

नव्या नळांबद्दल एक सांगायला हवं. जुनी पितळी तोटी बंद करायला तीन-चार आटे फिरवावे लागत, त्यामुळे पाणी हळूहळूच थांबायचं. आताचे पाव आट्याचे नळ एका झटक्यात मिटतात. बाथरूम नवं केल्यावर ‘आधी कधी वाजत नव्हतं’ अशी तक्रार येते तिचं कारण इथे असतं. अशा नळाची दांडी सावकाश फिरवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावली, तर तेवढ्यानेही फरक पडतो.

भोंगा ही वेगळी जात. नळ थोडासा उघडला की घुंऽऽ असा आवाज सुरू होतो, आणखी उघडला की बंद पडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं पंपच बिघडला. असा आवाज आला की घरातले जुन्या पद्धतीचे सगळे नळ एकेक करून किंचित उघडून पाहायचे. ज्याच्यावर भोंगा वाजतो तोच आजारी. आमच्या धुण्याच्या जागेतली तोटी काकांनी माझ्यासमोर उघडली. आधी घरात येणारा मुख्य कॉक बंद केला, तोटीत उरलेलं पाणी बादलीत सोडलं, मग पाना लावून वरची टोपी सैल केली आणि स्पिंडल आट्यांवरून बाहेर काढला. त्याच्या खाली पितळी चकती, तिला दांडी, आणि चकतीच्या तोंडाशी रबराचा वायसर. वायसरवर सीटचा, म्हणजे तो ज्या कडेवर टेकतो तिचा, गोल ठसा इतका खोल उमटला होता की कडेचा भाग पापुद्र्यासारखा सुटून लोंबत होता. चकतीची दांडीही आपल्या भोकात खुळखुळत होती. नळ किंचित उघडला की पाणी त्या फटीतून जोरात जातं, चकतीला खाली ओढतं, फट मिटते, दाब पुन्हा तिला उचलतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि सगळा पाइप त्या सुरात वाजतो. काकांनी सीटवरून बोट फिरवलं, खरवड नाही ना ते पाहिलं, नवा वायसर चकतीसकट बसवला, आट्यांना थोडं ग्रीस लावलं. कामाला पंधरा मिनिटंही लागली नसतील. त्या भोंग्यासाठी आधी एका कारागिराने बाथरूमची अख्खी भिंत उघडण्याचा अंदाज दिला होता.

गरम पाण्याच्या पाइपची टिकटिक निरुपद्रवी असते, फक्त रात्री अस्वस्थ करते. सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा) तीन मीटर पाइप चाळीस अंशांनी तापला की सात-साडेसात मिलिमीटर लांबतो. भिंतीत सिमेंटने गच्च बसवला असेल तर त्याला सरकायला जागा नसते, मग तो अडतो आणि सुटतो, अडतो आणि सुटतो. नवीन काम करताना गरम लाइनभोवती इन्सुलेशनची नळी घातली तर ही कटकट कायमची जाते. गच्चीवरच्या टाकीचा फुगा रात्री थरथरतो तो आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावर थेट छतातून उतरतो. टाकी भरत आली की पाण्यावर लाटा उठतात, फुगा वरखाली होतो, त्याच्याबरोबर झडप उघडमिट करते आणि प्रत्येक वेळी एक छोटा ठोका बसतो. आत पडणाऱ्या पाण्याला पाइपचा तुकडा जोडून ते फुग्यापासून दूर सोडलं की लाटा थांबतात. तो तुकडा टाकीतल्या पाण्यात बुडणार असेल तर त्याला वर एक भोक हवं, नाहीतर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं.

आता दाबाकडे येते. वरच्या मजल्यावर शॉवरला जोर नाही, ही तक्रार प्रत्येक सोसायटीत आहे आणि तिचं उत्तर साध्या उंचीत आहे. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे एक किलो दाब. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि तुमचा शॉवर यांच्यात किती अंतर आहे ते बघा. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते टाकी पूर्ण भरलेली असताना साडेतीन मीटरच्या आसपास येतं, म्हणजे दाब अवघा पस्तीस शतांश किलो. प्रत्येक मजल्याला साधारण तीन मीटर वाढतात, म्हणून तळमजल्याला सव्वा किलोपर्यंत मिळतो. परातीएवढा मोठा शॉवर तिसऱ्या मजल्यावर लावला तर पाणी थेंबथेंबच पडणार. दुकानदाराने किती दाबावर चालतो ते सांगायला हवं, आणि आपणही विचारायला हवं. वरच्या मजल्यासाठी छोटा प्रेशर पंप हा चांगला उपाय आहे, पण तो गच्चीवर, त्या घराच्या स्वतंत्र लाइनवर. सामाईक लाइनवर लावला तर शेजाऱ्याचं पाणी ओढतो. उंच टॉवरांत याच्या उलट त्रास असतो. तिथे खालच्या मजल्यांना चार-पाच किलो दाब आला तर नळ शिट्ट्या मारतात, म्हणून मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. त्यातला एक बिघडला की एकाच पट्ट्यातल्या सगळ्या घरांतून तक्रारी येतात.

दाब आणि धार यांची गल्लत केली की पैसे वाया जातात. दाबाचा छोटा गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो मशीनच्या नळाला लावायचा आणि घरातले सगळे नळ बंद ठेवून काटा बघायचा. मग दुसरा एखादा नळ पूर्ण उघडायचा. काटा थोडा खाली आला तर ठीक. धाडकन खाली गेला तर दाब मुळात आहे, वाट अरुंद झाली आहे. तिथे पंप लावून काही होत नाही, तुंबलेली जागा शोधावी लागते. एकाच नळाला धार कमी असेल तर आधी त्याच्या तोंडाची जाळी उघडून बघा. टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात तिथे वाळू आणि गंजाचे कण हमखास सापडतात. फक्त गरम पाण्याला धार नसेल तर गिझरच्या तोंडाचा व्हॉल्व्ह क्षाराने भरलेला असतो. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या घरांत हे फारच लवकर होतं. अख्ख्या घराला नसेल तर घराचा मुख्य गेट व्हॉल्व्ह. त्याची आतली फळी तुटून खाली पडते, वरचं चाक उघडल्यासारखं फिरत राहतं आणि कुणाला शंकाही येत नाही.

आणि सगळं तपासून झाल्यावर उरतो तो पाइपच. आमच्या लाइनचा एक तुकडा कापला तेव्हा काकांनी तो माझ्या हातात दिला. बाहेरून नीट, रंग दिलेला, एक इंची. आत गंजाचे तपकिरी फोड एकमेकांवर चढून करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती. नखाने दाबलं तर वरचा पापुद्रा फुटून आतून काळा गाळ निघाला. व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं येत नाही, ते सहाव्या हिश्शाच्या आसपास येतं. तो तुकडा मी सोसायटीच्या सभेत टेबलावर ठेवला. पाइपलाइन बदलण्याचा खर्च कशाला, असं विचारणारे तो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

ज्यामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं ती गोष्ट अजून सांगायची आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात सकाळी पाणीच येत नसे. खालची घरं जागी होण्याआधी, पहाटे उठून त्या कळशी, पातेली, तांबे भरून ठेवायच्या. त्यांच्या खालच्या घरात त्याच वेळी भिंतीतून गुडगुड ऐकू यायची, आणि त्याहून खालच्या दोन घरांत काहीच नाही. आधीच्या प्लंबरने आजींचा नळ बदलला होता, मग नळापर्यंतचा पाइप बदलला होता. आजींनी दोन्हींचे पैसे आपल्या पेन्शनमधून दिले होते.

मी गेले तेव्हा आजी म्हणाल्या, ‘अगं, हा नळ पाणी देत नाही, हवा ओढतो. हात लावून बघ.’ मी तळहात नळाच्या तोंडाला लावला. सीऽऽ असा बारीक आवाज आला आणि हात खरंच आत ओढला गेला. काकांना हे फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, ‘ताई, गच्चीची किल्ली घेऊन ठेवा.’

गच्चीवर टाकीतून निघालेली आडवी लाइन कठड्याच्या कडेने फिरते, आणि तिच्यातून प्रत्येक उभी लाइन खाली उतरते. जिथे ती खाली वळते तिथे एक पातळ पाइप वर उभा असतो. तो व्हेंट. त्याच्यात पाणी वाहायचं नसतं, त्याचं काम हवेला ये-जा करू देण्याचं. खालच्या मजल्यांवर एकदम चार नळ उघडले की उभ्या लाइनीतलं पाणी वरून येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उतरू लागतं आणि वरच्या टोकाला ओढ तयार होते. व्हेंट उघडा असेल तर तिथून हवा आत येते आणि ओढ मोडते. तो बंद असेल तर ही ओढ सगळ्यात वरच्या घराच्या नळातून हवा खेचते. पाण्याबरोबर खाली गेलेली हवा खालच्या मजल्याच्या भिंतीत गुडगुडते. टाकी रिकामी होऊन भरली की आडव्या लाइनीत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते ती वेगळीच.

आजींच्या लाइनीचा व्हेंट जेमतेम गुडघाभर उंच होता, त्याला बूच लावलेलं होतं, आणि वरून वॉटरप्रूफिंगचा पांढरा रंग बसला होता. जवळून पाहिल्याशिवाय कळलं नसतं. हळूहळू उलगडा झाला. जुनी सिमेंटची टाकी काढून प्लास्टिकच्या टाक्या उंच स्टँडवर बसवल्या, तेव्हा पाण्याची पातळी वर गेली. बाकीचे व्हेंट उंच होते, हा एक जुन्या टाकीच्या मापाचा राहिला. टाकी भरली की त्याच्यातून गच्चीवर पाणी वाहायचं. कुणीतरी वाहणारं पाणी दिसलं म्हणून बूच मारलं, आणि पाणी वाया जाणं थांबवल्याचं त्याला समाधानही वाटलं असेल. त्याची किंमत आजी पहाटे उठून भरत होत्या. काकांनी पान्याने बूच सैल केलं तेव्हा हवा आत ओढल्याचा लांब फुसकारा आला. मग त्यांनी व्हेंटला टाकीच्या माथ्याच्या वर जाईल एवढा पाइप जोडला, टोक खाली वळवलं आणि डास जाऊ नयेत म्हणून जाळी बांधली. त्या दिवसापासून आजींच्या नळाला दिवसभर पाणी आहे.

याची एक बाजू आवाजापेक्षा गंभीर आहे. नळ हवा ओढतो तसा तो पाणीही ओढू शकतो. बादलीत बुडवून ठेवलेली नळी, फरशी धुण्याच्या पाण्यात पडलेला जेट स्प्रे, यातलं घाण पाणी उलटं पाइपमध्ये जाऊन पुढच्या घरात पिण्याच्या नळातून येऊ शकतं. म्हणून नळी बादलीत बुडवून ठेवू नये, आणि व्हेंट बंद आहे का ते कुणीतरी वर जाऊन बघावं. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना हवेचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजच्या तलावाचं पाणी पुण्यात आणलं, त्या नळाच्या वाटेवर दगडी उच्छ्वास, म्हणजे हवा सोडणारे मनोरे, बांधलेले होते. त्याच्याही आधी मलिक अंबरने औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) नहरी खेळवल्या, त्यांच्यावर याच कामाचे चुन्या-विटांचे बंबे होते. पंप नव्हते, पाणी केवळ उतारावर आणि स्वतःच्या दाबावर चालायचं, म्हणून हवेची सोय आधीच करावी लागायची.

पंप बंद होताना इमारतभर जो धप्प आवाज होतो, त्याचं कारण पंपाजवळचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं फिरू न देणारी झडप. पंप थांबला की वर चढणारं पाणी मागे फिरतं आणि उघडी राहिलेली झडप त्या पाण्याच्या जोरावर आपटून मिटते. स्प्रिंगवर मिटणारा एनआरव्ही पाणी उलटं फिरण्याआधीच बंद होतो, म्हणून तो आवाज करत नाही. आम्ही तो बसवला. ज्या घरांत रात्रपाळी करून आलेली माणसं झोपतात त्यांनी आवर्जून फोन केले.

राहता राहिला महापालिकेच्या लाइनीवर थेट लावलेल्या मोटारींचा प्रश्न. यावर माझं मत ठाम आहे. पाणी थोडा वेळ येतं, दाब कमी असतो, आणि एका घराने मोटर लावली की गल्लीतल्या पुढच्या घरांची धार तुटते. मग ती घरंही मोटर लावतात. नियमाने याला बंदी आहे, मोटारी जप्तही होतात, पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. मोटर पाणी ओढते तेव्हा जमिनीतल्या लाइनीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब होतो. त्या लाइनीला कुठे भेग असेल आणि शेजारून ड्रेनेज जात असेल, तर ते पाणी आत येतं. पावसाळ्यात कावीळ आणि जुलाब गल्लीत एकामागून एक घरात फिरतात, तेव्हा ही शक्यता पहिली तपासायला हवी. सकाळी आलेलं पहिलं पाणी गढूळ असेल, त्याला वास असेल, तर ते भरू नका, सोडून द्या आणि वॉर्ड ऑफिसला कळवा.

आमच्या गल्लीत काही बंगल्यांनी मोटारी लावल्या होत्या. भांडण करून त्या निघाल्या नसत्या, कारण त्यांनाही पाणी खरंच पुरत नव्हतं. त्यांच्या मीटरजवळच्या जाळ्या काढून पाहिल्या, दोन घरांच्या जाळ्या गाळाने पूर्ण बंद होत्या, त्या धुतल्यावर त्यांची मोटर आपोआप बंद झाली. उरलेल्यांनी जमिनीखाली छोट्या टाक्या बांधायचं कबूल केलं आहे. लाइनीचं पाणी आपल्या दाबाने टाकीत पडू द्यायचं आणि मोटर टाकीवर लावायची. एका घराला अंगणच नाही, टाकीला जागा नाही. त्यांच्यासाठी आमच्या पार्किंगचा मागचा कोपरा द्यायचा का, हा विषय सोसायटीच्या येत्या सभेत आहे. काकांनी माप घेऊन ठेवलं आहे, स्कूटर लावायच्या जागेला धक्का लागत नाही. मी तो कोपरा द्यावा असं मत देणार आहे, आणि आजींनीही सभेला यायचं ठरवलं आहे.